संपादक आगरकर आणि कोल्हापूरचें प्रकरण

कोल्हापूरच्या जुन्या राजवाड्यापुढील भवानी मंडपांतून रोज हजारों माणसें ये-जा करतात. अंबाबाईच्या दर्शनास आलेला यात्रेकरूहि तेथें क्षणभर टेकतो. ह्या वाड्याशीं मराठी वृत्तपत्रांच्या इतिहासांतील एक मोठा खटला निगडित आहे, ह्याची आठवण मात्र आतां थोड्यांनाच असते. खटला चालला मुंबईच्या हायकोर्टांत, शिक्षा भोगली गेली डोंगरीच्या तुरुंगांत, आणि ती भोगणारे दोघे तरुण पुण्याचे. परंतु ज्याच्यासाठीं हें सारें घडलें तो विशीहि न गांठलेला राजा कोल्हापूरचा होता. त्या दोघा तरुणांपैकीं बाळ गंगाधर टिळकांचें नांव पुढें घरोघर गेलें. दुसरे गोपाळ गणेश आगरकर. 'केसरी'चे पहिले संपादक टिळक नव्हते, आगरकर होते, हें अजूनहि पुष्कळांना मुद्दाम सांगावें लागतें.

आगरकरांचा जन्म १४ जुलै १८५६ रोजीं कऱ्हाडनजीकच्या टेंभू ह्या खेड्यांत झाला. आज टेंभू म्हटलें कीं दुष्काळी तालुक्यांना कृष्णेचें पाणी उचलून देणारी योजना लोकांच्या डोळ्यांपुढें येते. त्या काळीं तें नदीकांठचें एक साधें गांव होतें आणि आगरकरांचें घर त्यांतल्या गरीब घरांपैकीं एक. शिक्षणासाठीं हा मुलगा कऱ्हाडास आजोळीं राहिला. तेथील शिक्षण संपल्यावर मामलेदार कचेरींत उमेदवारी कर, पुढील शिक्षणाच्या आशेनें पायीं रत्नागिरी गांठ, तेथें निभाव लागला नाहीं म्हणून परत येऊन दवाखान्यांत औषधें दे, अशी त्याची वणवण चालली. अखेर वऱ्हाडांत अकोल्यास नातेवाइकांचा आधार मिळाला, आणि विष्णु मोरेश्वर महाजनींसारखा गुरु लाभला. १८७५ सालीं आगरकर मॅट्रिक झाले. मॅट्रिक होणें ही त्या दिवसांत लहान गोष्ट नव्हती. बहुतेकांची धांव तेथेंच संपे आणि कचेरींतील खुर्ची मिळाली म्हणजे जन्माचें सार्थक झालें असें घरचीं माणसें मानीत. आगरकर मात्र पुण्यास डेक्कन कॉलेजांत दाखल झाले.

कॉलेजांतील त्यांच्या दारिद्र्याच्या कथा प्रसिद्ध आहेत. अंगांत घालावयास सदरा एकच. तो रात्रीं धुऊन वाळत घालावयाचा आणि सकाळीं तोच अंगावर चढवावयाचा. परीक्षेची फी भरावयास पैसे नाहींत म्हणून नाटक लिहून तें विकावें असा बेत त्यांनीं केला होता. तें केरूनाना छत्रे यांच्या कानीं गेलें आणि त्यांनीं अडचण भागविली, असें सांगतात. अशा माणसानें पदवी मिळवून मोठ्या पगाराची सरकारी नोकरी धरली असती तर त्यास कोणीहि नांव ठेवलें नसतें. आईला तर तीच आशा होती. परंतु एम्. ए. च्या सुमारास त्यांनीं आईला पत्र लिहून कळविलें कीं, आपला मुलगा मोठ्या हुद्द्यावर चढेल ही आशा तिनें सोडावी. पोटापुरत्या पैशांवर संतोष मानून आपण सारा वेळ लोकांच्या कामीं घालविणार आहों. हें पत्र तरुणांच्या धाडसाचें म्हणून वाखाणलें जातें. तें हातांत पडलें तेव्हां कऱ्हाडांतल्या त्या माउलीला काय वाटलें असेल, ह्याचा विचार सहसा कोणी करीत नाहीं.

टिळकांची आणि त्यांची ओळख ह्याच कॉलेजांत झाली. दोघेहि एकाच वर्षीं जन्मलेले, दोघांचीं मतें मात्र पहिल्यापासूनच निरनिराळीं; आधीं राज्य कीं आधीं समाज, हा वाद तेथेंच सुरू झाला. पण सरकारी नोकरी न करतां शिक्षणाला वाहून घ्यावयाचें ह्यावर एकमत होतें. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनीं सरकारी शाळेंतील जागेचा राजीनामा देऊन जानेवारी १८८० मध्यें न्यू इंग्लिश स्कूल काढलें. टिळक आणि माधवराव नामजोशी आरंभापासून त्यांच्याबरोबर होते, एम्. ए. होऊन आगरकरहि येऊन मिळाले. शाळेच्या चार भिंतींत मावेल एवढेंच शिक्षण देऊन ह्या मंडळींचें समाधान होणारें नव्हतें. जानेवारी १८८१ च्या २ तारखेस इंग्रजी 'मराठा' आणि ४ तारखेस, मंगळवारीं, मराठी 'केसरी' निघाला. 'मराठा' टिळकांकडे, 'केसरी' आगरकरांकडे. छापखान्याचें सामान हलवितांना खिळ्यांच्या पेट्या ह्या पदवीधरांनीं स्वतः उचलल्या. देशी भाषांतील पत्रांची मुस्कटदाबी करणारा १८७८ चा कायदा त्या वेळीं अद्याप उठलेला नव्हता. लॉर्ड रिपनच्या कारकीर्दींत तो १८८२ त रद्द झाला.

आतां कोल्हापूर. राजाराम महाराज विलायतेहून परततांना ३० नोव्हेंबर १८७० रोजीं इटलींतील फ्लॉरेन्स शहरीं वारले. आर्नो नदीच्या कांठीं त्यांचें दहन झालें आणि तेथील त्यांची छत्री अद्याप उभी आहे. त्यांच्या मागून दत्तक आलेले चौथे शिवाजी महाराज त्या वेळीं सात-आठ वर्षांचे होते. अज्ञान राजा, वर इंग्रज पोलिटिकल एजंट, आणि कारभार पाहावयास सरकारच्या विश्वासांतला दिवाण, अशी त्या काळच्या संस्थानांची रीतच होती. कोल्हापुरास रावबहादूर माधवराव बर्वे हे कारभारी होते. महाराज वयांत येऊं लागले तसतशी त्यांचें मन ठिकाणावर नाहीं अशी वार्ता पसरली. मग दुसरी वार्ता पसरली ती अशी कीं, महाराज वेडे नाहींत. त्यांस एकान्तांत, परक्या माणसांच्या पहाऱ्यांत ठेवून, मारहाण करून वेडे केलें जात आहे.

शिवछत्रपतींच्या गादीवरील मुलाचे हाल होत आहेत हें ऐकून महाराष्ट्रांत केवढी खळबळ उडाली असेल, ह्याची कल्पना आज करणें कठीण. सातारची गादी १८४८ त खालसा झाली होती. छत्रपतींची म्हणून जी उरली ती कोल्हापूरचीच. 'केसरी' आणि 'मराठा' ह्यांनीं १८८१ च्या अखेरीपासून ह्या प्रकरणीं झोड उठविली. महाराजांचा छळ होतो आहे आणि त्यास कारभारी जबाबदार आहेत, असें दोन्ही पत्रांनीं उघड लिहिलें. लेख कडक होते, परंतु केवळ लेखांवरच भागतें तर कदाचित् पुढचें टळलें असतें. ह्या सुमारास कोल्हापूरकडून कांहीं पत्रें पुण्यांत आलीं. तीं बर्व्यांच्या हातचीं असून त्यांत महाराजांविरुद्ध कारस्थान आहे, असें देणाऱ्यांचें म्हणणें होतें. त्या पत्रांवर विश्वास ठेवला गेला आणि त्यांच्या आधारें मजकूर प्रसिद्ध झाला. बर्व्यांनीं अब्रुनुकसानीची फिर्याद केली.

खटला उभा राहिला तो अशा वेळीं कीं मंडळीच्या पाठीवरचा मोठा हातच गेला. १७ मार्च १८८२ रोजीं विष्णुशास्त्री बत्तिसाव्या वर्षीं वारले. शाळा दोन वर्षांची, पत्रें सवा वर्षाचीं, आणि संपादक कोर्टाच्या पायऱ्या चढत आहेत! तथापि लोकांनीं हात आंखडता घेतला नाहीं. फेरोजशहा मेहता आणि काशिनाथ त्र्यंबक तेलंग ह्यांच्यासारखे कायदेपंडित बचावास उभे राहिले. फंडासाठीं विद्यार्थ्यांनीं नाटकें केलीं. कोल्हापुरास राजाराम कॉलेजांत शिकणाऱ्या एका सोळा वर्षांच्या मुलानें अशाच एका प्रयोगांत स्त्रीची भूमिका केली; त्याचें नांव गोपाळ कृष्ण गोखले. आगरकरांच्या बचावासाठीं तोंडाला रंग लावणारा हा मुलगा सहा वर्षांनीं त्यांच्याच पत्रांत इंग्रजी बाजू लिहूं लागणार होता.

जामिनाची हकीगत ह्याहून विलक्षण आहे. दहा हजार रुपयांचा जामीन कोण देणार? विष्णुशास्त्र्यांनीं 'निबंधमाले'त ज्या जोतीराव फुल्यांवर सडकून टीका केली होती, त्याच जोतीरावांनीं आपले मित्र रामशेट उरवणे ह्यांना सांगून तो देवविला. मतांचें वैर आणि माणसाचें संकट ह्यांची गल्लत न करणारी अशी माणसें त्या पुण्यांत होतीं. पुढें फुल्यांच्या आणि ह्या मंडळीच्या वाटा जुळल्या नाहींत हें खरें. पण जामिनाच्या कागदावर कोणाचे हात लागले होते तें विसरतां येत नाहीं.

खटल्यांत तीं पत्रें बनावट ठरलीं. येथें 'केसरी'च्या भक्तांनीं नेहमीं थोडी घाई केली आहे. तुरुंगाच्या दाराशीं झालेला जयघोष ते रंगवून सांगतात, आणि बनावट पत्रांची गोष्ट हळूच ओलांडून पुढें जातात. संपादकाच्या हातीं आलेला कागद खरा कीं खोटा हें पाहणें त्याचेंच काम. हेतु शुद्ध होता, राजाविषयींचा कळवळा खरा होता; परंतु एका माणसावर खुनशी कारस्थानाचा आरोप करावयास तेवढें पुरत नाहीं. पत्रें खोटीं आहेत हें दिसून आल्यावर दोघाहि संपादकांनीं दिलगिरी प्रदर्शित केली. बर्वे तेवढ्यानें शांत झाले नाहींत, आणि स्वतःच्या अब्रूवर असा घाला आलेल्या गृहस्थानें शांत व्हावयास हवें होतें असें म्हणणें सोपें नाहीं. १७ जुलै १८८२ रोजीं टिळक आणि आगरकर ह्यांस प्रत्येकीं चार महिन्यांची साधी कैद झाली.

डोंगरीचा तुरुंग मुंबईच्या दाट वस्तींत होता. त्या जागीं पुढें मुलांचें सुधारगृह झालें. आरंभीचे दिवस हलाखींत गेले: लहानशी खोली, वाईट अन्न, लिहिण्यावाचण्याचें साधन नाहीं. मग हळूहळू कांहीं सवलती मिळाल्या. आगरकर जन्माचे दमेकरी. त्यांना तो कोंदट वास किती बाधला असेल तें निराळें सांगावयास नको. परंतु हे दोघे एका खोलींत, आणि करावयास काम नाहीं. तेव्हां बोलणें आलेंच. रात्रीच्या रात्री दोघांचे वाद चालत आणि आवाज चढून पहारेकऱ्यास त्यांना गप्प करावें लागे. ह्याच दिवसांत आगरकरांनीं शेक्सपियरच्या 'हॅम्लेट'चा मराठी अवतार सिद्ध केला. 'विकारविलसित' ह्या नांवानें तो १८८३ त प्रसिद्ध झाला. ज्याला लोक वेडा म्हणतात असा राजपुत्र, त्याच्यावर डोळा ठेवणारे दरबारी आणि किडलेलें राज्य: एका राजाच्या वेडासाठीं कैद भोगणाऱ्या संपादकानें नेमकें हेंच नाटक हातीं घ्यावें, हा योगायोग असला तरी अर्थपूर्ण योगायोग आहे.

२६ ऑक्टोबर १८८२ रोजीं, चार महिने भरण्यापूर्वींच, दोघे सुटले. एकंदर १०१ दिवस झाले होते. दाराशीं गर्दी जमली होती, सत्कार झाले. आगरकरांनीं 'डोंगरीच्या तुरुंगांतील आमचे १०१ दिवस' हें लहानसें पुस्तक लिहिलें. तें वाचतांना आश्चर्य वाटतें तें त्यांतील विनोदाचें. हौतात्म्याचा आव कोठेंहि नाहीं. भाकरी कशी होती, झोंप कशी लागे, कैदी कसे बोलत, हें सारें लेखक अशा खेळीमेळीनें सांगतो कीं वाचकालाच मधून मधून आठवण करावी लागते कीं ही शिक्षा होती.

आणि तो राजा? महाराज राज्य चालविण्यास असमर्थ आहेत असें ठरवून सरकारनें कागलचे जयसिंगराव घाटगे ह्यांस रीजंट नेमलें. महाराजांस अहमदनगरच्या किल्ल्यांत ठेवण्यांत आलें, आणि तेथें २५ डिसेंबर १८८३ रोजीं, ग्रीन नांवाच्या गोऱ्या रखवालदाराशीं झालेल्या झटापटींत, वयाच्या विसाव्या वर्षीं त्यांचा अंत झाला. पत्रें खोटीं होतीं. परंतु मुलगा परक्यांच्या पहाऱ्यांत आहे आणि त्याच्या जिवाची शाश्वती नाहीं, हें जें 'केसरी'नें लिहिलें होतें तें असें खरें झालें. कोर्टांत हरलेल्या संपादकांना ह्या वार्तेनें समाधान वाटणें शक्यच नव्हतें. १७ मार्च १८८४ रोजीं घाटग्यांचे पुत्र यशवंतराव दत्तक आले; तेच शाहू छत्रपति.

त्यानंतरचीं चार-पांच वर्षें भरभराटीचीं दिसतात. ऑक्टोबर १८८४ त डेक्कन एज्युकेशन सोसायटी आणि जानेवारी १८८५ त फर्ग्युसन कॉलेज निघालें. 'केसरी'चा खप आणि दरारा वाढला. परंतु डोंगरीच्या खोलींतला वाद आतां छापखान्यांत आला होता. संमतिवय, बालविवाह, विधवांची स्थिति, रखमाबाईचा खटला, ह्या प्रत्येक प्रसंगीं आगरकरांना लिहावयाचें असे एक आणि पत्राच्या बाकीच्या चालकांना रुचे दुसरें. पत्र एकट्याचें नव्हतें. स्वतःच्या लेखाखालीं इतरांच्या नाराजीची रेघ पाहण्यापेक्षां बाहेर पडणें बरें, असें ठरवून त्यांनीं १८८७ च्या ऑक्टोबरांत 'केसरी' सोडला. ज्या पत्रासाठीं तुरुंगवास पत्करला तें पत्र सोडणें त्यांना सोपें गेलें नसेल. संपादक आणि मालक एकमतानें वागत नाहींत तेव्हां संपादकानें काय करावें, हा प्रश्न त्यानंतर कितीतरी कचेऱ्यांत उठला आहे. आगरकरांइतका झटपट आणि आवाज न करतां तो थोड्यांनींच सोडविला.

१५ ऑक्टोबर १८८८ रोजीं 'सुधारक' निघाला. मराठी लेखन आगरकरांचें, इंग्रजी गोखल्यांचें. आगरकरांच्या संपादकीय जीवनाचा गाभा ह्या सात वर्षांत आहे. मुलामुलींना एकच शिक्षण द्या आणि तें एकत्र द्या, विधवेचें केशवपन बंद करा, सोवळें-ओंवळें कशासाठीं तें विचारा, प्रेतसंस्कारांतला व्यर्थ खर्च थांबवा, स्त्रियांनीं जाकिटें घातलीं पाहिजेत. विषय एकाहून एक घरगुती आणि म्हणूनच एकाहून एक झोंबणारे. सरकारवर टीका वाचतांना वाचक सुखावतो, कारण सरकार दूर असतें. स्वतःच्या माजघरावर लिहिलेलें मात्र त्याला सोसत नाहीं. 'केसरी'च्या लेखांसाठीं ज्यांनीं हारतुरे आणले, त्यांच्यापैकींच कांहींनीं 'सुधारका'च्या संपादकाची जिवंतपणीं प्रेतयात्रा काढून ती त्यांच्या दारावरून नेली. कोल्हापूरच्या प्रकरणानंतर त्यांच्या लेखणींत एक फरक पडलेला दिसतो तो हा, कीं ती ऐकीव गोष्टींवर चालत नाहीं. रूढीची असो कीं शास्त्राची, ती प्रत्येक आज्ञेचा पुरावा मागते. हा फरक त्या बनावट पत्रांनीं शिकविला, असें म्हणावयास कोणता कागद दाखवितां येणार नाहीं. पण तसें वाटतें खरें.

घरांत मात्र हा बंडखोर माणूस जुलमी नव्हता. पत्नी यशोदाबाई श्रद्धाळू होत्या. त्यांच्या देवधर्माला त्यांनीं आडकाठी केली नाहीं. दुसऱ्याच्या मनावर जबरदस्ती करून त्याला शहाणें करतां येत नाहीं, हें ते केवळ लिहीत नसत, पाळीत असत. ह्या बाबतींत पुष्कळ सुधारकांहून ते सरस ठरतात.

'सुधारका'नें मागितलेल्या गोष्टी पुण्यांत लवकर झाल्या नाहींत. विधवापुनर्विवाहाची नोंदणी करणारा कायदा आणि सक्तीचें मोफत प्राथमिक शिक्षण, हीं दोन्ही १९१७ सालीं अमलांत आलीं तीं कोल्हापूर संस्थानांत, शाहू छत्रपतींच्या हुकुमानें. तीं पाहावयास आगरकर नव्हते.

१८९२ त प्रिन्सिपॉल वामन शिवराम आपटे वारले आणि फर्ग्युसन कॉलेजचें प्रमुखपद आगरकरांकडे आलें. दिवसा कॉलेज, रात्रीं 'सुधारक', आणि छातींत दमा. टिळक १८९० सालींच सोसायटींतून बाहेर पडले होते. दोन्ही पत्रांतून एकमेकांवर जे वार झाले ते आज वाचतांनाहि बोचतात. एके काळीं एकाच खोलींत रात्रभर भांडणाऱ्या मित्रांना आतां भांडावयास आठवड्याचा अंक लागे.

१७ जून १८९५ रोजीं सोमवारीं आगरकर वारले. चाळिशीहि गांठली नव्हती. आपल्या अंत्यविधीला लागतील तेवढे पैसे त्यांनीं वेगळे पुडींत बांधून ठेवले होते, म्हणजे मागें राहिलेल्यांना त्यासाठीं कोणापुढें हात पसरावा लागूं नये. दुसरा दिवस मंगळवार, म्हणजे 'केसरी'चा. ज्या पत्राचा पहिला अंक आगरकरांनीं संपादिला, त्याच पत्रांत त्यांचा मृत्युलेख टिळकांनीं स्वतः लिहिला.